आकाशास कान लावणारे

दुसऱ्यांचें बोलणें चोरून ऐकणें हें असंस्कृतपणाचें लक्षण होय, अशी शिकवण घरोघर लहानपणापासून दिली जाते. भिंतीलाहि कान असतात, ही म्हण तर सावधगिरीचा इशारा म्हणूनच जन्मास आली. असें असतांना, गेलीं शंभरांहून अधिक वर्षें जगाच्या निरनिराळ्या भागांत कांहीं सभ्य, सुशिक्षित, कोणाच्या अध्यांत ना मध्यांत अशीं माणसें रात्रीच्या रात्री जागून परक्यांचीं संभाषणें ऐकत आलीं आहेत, आणि तेंहि कसल्याच मोबदल्यावांचून. वैमानिक आणि विमानतळावरील नियंत्रक, बंदराबाहेर उभें असलेलें जहाज आणि किनारा, आगीचे बंब आणि त्यांचें ठाणें, पोलिसांची गस्तीची गाडी आणि चौकी, यांच्यामध्यें जें बोलणें चालतें तें या माणसांना उद्देशून नसतें. तरीहि तें ऐकण्यासाठीं हे लोक पदरमोड करून यंत्रें बांधतात, छपरांवर तारा ताणतात आणि वह्यांच्या वह्या टिपणांनीं भरतात. हा केवळ चोंबडेपणा म्हणावा, कीं या छंदाला कांहीं थोर बाजूहि आहे? या प्रश्नाचें उत्तर छंदाच्या इतिहासांतच शोधावें लागतें.

तारायंत्राचा संदेश तारेंतून जातो. ती तार कापल्यावांचून किंवा तिला दुसरी तार जोडल्यावांचून तो तिऱ्हाइताच्या हातीं लागत नाहीं. बिनतारी संदेशाची रीत निराळी. तळ्यांत खडा टाकला असतां तरंग जसे चहूंकडे पसरत जातात, तशा प्रेषकाच्या उंच तारेपासून निघालेल्या विद्युल्लहरी दाही दिशांना पसरतात. ज्याच्यासाठीं संदेश पाठविला त्याच्याकडे त्या जातात, आणि ज्याचा त्या संदेशाशीं कांहींच संबंध नाहीं अशा शेजाऱ्याच्या छपरावरूनहि त्या जातात. संदेश वाहून नेण्याचा धंदा करणाऱ्यांना ही गोष्ट मोठें व्यंग वाटे, कारण तींत गुप्तता राखणें कठीण होतें. हौशी माणसांना मात्र तेंच वरदान वाटलें. लांकडी फळीवर तांब्याच्या तारेचें वेटोळें, गॅलिनाचा एक खडा, त्यावर टेकविलेली बारीक तार आणि कानाला लावावयाचा हेडफोन, एवढ्या सामग्रीवर समुद्रावरील जहाजांच्या मोर्स लिपींतील टिंबें आणि रेघा घरबसल्या ऐकूं येत.

वेल्सच्या दक्षिण भागांत गेलिग्रोस नांवाच्या ठिकाणीं पाण्यावर चालणारी एक जुनी पिठाची गिरणी होती. त्या गिरणीवाल्याच्या घरचा आर्टी मूर हा तरुण या छंदानें झपाटलेला होता. लहानपणीं गिरणींतील अपघातांत त्याला एका पायाचा खालचा भाग गमवावा लागला होता. स्वतःच्या हातांनीं बिनतारी यंत्र बांधून तो रात्रीं ऐकत बसे. १९११ सालीं इटलीनें तुर्कस्तानाविरुद्ध युद्ध पुकारलें, ती वार्ता त्यानें आपल्या यंत्रावर टिपली आणि लंडनच्या वृत्तपत्रांत त्याचें नांव झळकलें. पुढल्याच वर्षीं, १५ एप्रिल १९१२ च्या पहांटेपूर्वीं, सुमारे ३,००० मैलांवरून आलेले अत्यंत क्षीण संकेत त्याच्या कानीं पडले. टायटॅनिक नांवाचें जहाज हिमनगावर आदळून बुडत होतें आणि त्यावरील तारवाला मदतीची याचना करीत होता. मूरनें ही हकीकत स्थानिक पोलिसांना आणि गांवकऱ्यांना सांगितली. कोणीहि विश्वास ठेवला नाहीं. कधींहि न बुडणारें म्हणून गाजलेलें जहाज बुडत आहे, आणि तें एका खेडवळ गिरणीवाल्याच्या पोरास प्रथम कळतें, हें संभवनीयच वाटलें नाहीं. दोन दिवसांनीं वर्तमानपत्रें गांवांत आलीं तेव्हां सारें खरें ठरलें. सुमारे १,५०० माणसें त्या अपघातांत प्राणांस मुकलीं होतीं.

मूरच्या ऐकण्यानें त्या रात्रीं एकहि जीव वांचला नाहीं, हें खरें. परंतु एक गोष्ट त्यानें सिद्ध केली. महासागरावर काय घडत आहे हें कळण्याचा मक्ता आतां सरकार आणि वृत्तपत्रें यांच्याकडेच राहिला नव्हता. ज्याच्यापाशीं चिकाटी आणि कान आहेत, त्यालाहि तें कळूं शकत होतें.

सत्ताधाऱ्यांना ही गोष्ट रुचणें कठीण होतें. त्याच १९१२ सालीं अमेरिकेनें बिनतारी यंत्रांविषयीं कायदा केला आणि हौशी प्रेषकांची २०० मीटर व त्याहून आंखूड लहरींवर पाठवणी केली. त्या काळीं या लघुलहरी दूरच्या संदेशांना निरुपयोगी समजल्या जात; म्हणजे टाकाऊ जमीन भूमिहीनांस द्यावी तशांतलाच हा प्रकार होता. पुढें दहा-बारा वर्षांच्या आंत हौशी लोकांच्याच खटपटींतून असें दिसून आलें कीं, या लघुलहरी आकाशांतील विद्युद्भारित थरांवरून परावृत्त होऊन अत्यल्प शक्तीवरहि महासागरापार पोंचतात. टाकाऊ जमिनींतून सोनें निघालें.

लघुलहरींच्या या गुणाचा प्रत्यय १९२८ सालीं साऱ्या जगास आला. इटलीचा सेनानी उंबेर्तो नोबिले याचें ‘इटालिया’ हें वायुपोत २४ मे रोजीं उत्तर ध्रुवावर पोंचलें आणि परततांना २५ मे रोजीं स्पिट्सबर्गेनच्या ईशान्येस बर्फावर कोसळलें. नऊ माणसें तरंगत्या बर्फावर जिवंत राहिलीं. बियाजी नांवाच्या तारवाल्यानें आणीबाणीसाठीं बरोबर घेतलेलें लहानसें लघुलहरी यंत्र उभारून हांका मारण्यास सुरुवात केली. मदतीसाठीं किनाऱ्यावर थांबलेल्या इटालियन जहाजावरील अधिकृत तारवाले आपल्याच तारांच्या गर्दींत गुंतले होते. त्यांच्या कानीं ही हांक आली नाहीं. ती आली ३ जून रोजीं, तेथून शेंकडों कोस दूर रशियांतील वोज्नेसेन्ये-वोख्मा या आडगांवीं. निकोलाय श्मिट या विशींतील तरुणानें घरीं बनविलेल्या यंत्रावर तुटक तुटक अक्षरें टिपलीं, त्यांचा अर्थ लावला आणि मॉस्कोस तार केली. त्यानंतर शोधाला निश्चित दिशा आली, आणि १२ जुलै रोजीं ‘क्रासिन’ या रशियन हिमभेदक जहाजानें बर्फावरील उरलेल्या माणसांस उचलून घेतलें. याच शोधार्थ विमानानें निघालेला थोर ध्रुवप्रवासी रोआल्ड अमुंडसेन मात्र १८ जूनला निघाला तो परत आलाच नाहीं.

अधिकृत तारवाल्यास जें ऐकूं आलें नाहीं तें खेड्यांतील एका पोरास ऐकूं आलें, यांत चमत्कार कांहीं नाहीं. नेमलेला मनुष्य नेमलेल्या वेळीं नेमलेल्या लहरीवर अपेक्षित तेंच ऐकतो. त्याचे कान कामाला बांधलेले असतात. हौशी मनुष्याचे कान मोकळे असतात. त्याला कोणाच्याच संदेशाची वाट पाहावयाची नसते. म्हणून जो कोणी हांक मारील त्याची हांक त्याच्यापर्यंत पोंचूं शकते. या छंदाचें निम्में रहस्य या मोकळेपणांत आहे.

श्मिटची पुढील कथा मात्र विषण्ण करणारी आहे. ज्याचा एके काळीं देशभर गौरव झाला, त्याच श्मिटला १९४२ सालीं ताश्कंद येथें राजकीय आरोपावरून गोळ्या घालून ठार करण्यांत आलें. त्याचें निर्दोषत्व मान्य झालें तें १९८४ सालीं, मृत्यूनंतर साडेतीन तपांनीं. दूरचें ऐकणारा कान राज्यकर्त्यांना एकाच वेळीं उपयोगी आणि संशयास्पद वाटतो, याचें याहून कठोर उदाहरण सांपडणें अवघड आहे.

ज्या १९२८ सालीं श्मिटनें ती हांक ऐकली, त्याच सालच्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेंतील डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनीं आपल्या गस्तीच्या गाड्यांना बिनतारी यंत्रावरून नियमितपणें हुकूम देण्यास आरंभ केला. सुरुवातीला हें बोलणें एकमार्गी होतें. गाडींतील शिपायास उत्तर द्यावयाचें झाल्यास जवळचा टेलिफोन गांठावा लागे. पोलिसांच्या लहरी करमणुकीच्या कार्यक्रमांच्या लहरींना अगदीं लागून होत्या. त्यामुळें घरांतील साध्या रेडिओवरहि त्या ऐकूं येत, आणि कांहीं वर्षांतच तेथील कारखानदारांनीं रेडिओच्या तबकडीवर ‘पोलिस’ असा शब्द छापून ती सोय जाहीर केली. रात्रीचें जेवण आटोपल्यावर बैठकींत बसून, आपल्याच शहरांत कोणत्या रस्त्यावर चोरी झाली आणि गाडी कोणीकडे धांवली, हें ऐकण्याचा चटका हजारों कुटुंबांना लागला. उद्यांच्या वर्तमानपत्रांत चार ओळींत येणारी बातमी आज, घडत असतांना, कच्च्या रूपांत कानीं पडत होती.

येथें कायद्यापुढें नवा प्रश्न उभा राहिला. ऐकणाऱ्यास दंड करावा, तर घरोघर शिपाई पाठवावा लागेल. अमेरिकेनें १९३४ च्या दळणवळण कायद्यांत निराळा मार्ग पत्करला. परक्याचा संदेश अडवून तो दुसऱ्यास प्रगट करणें, अथवा त्याचा स्वतःच्या लाभासाठीं उपयोग करणें, यांस त्या कायद्यानें बंदी केली. स्थूलमानानें बोलावयाचें तर, बंधन कानापेक्षां जिभेवर घातलें. ब्रिटनमध्यें कायदा अधिक कडक राहिला. तेथें आपल्याकरितां नसलेला संदेश अधिकारावांचून मुद्दाम ऐकणें हाच गुन्हा ठरतो. हिंदुस्थानांत १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यानें परवान्यावांचून असें यंत्र बाळगण्यासच मनाई केली. घरच्या साध्या रेडिओसाठींहि पोस्टांत वार्षिक शुल्क भरून परवाना घ्यावा लागे, आणि ही पद्धति १९८० नंतरच्या दशकापर्यंत टिकली. एकाच कृत्याकडे पाहण्याच्या या तीन दृष्टि आहेत, आणि त्यांवरून राज्य आपल्या नागरिकावर कितपत विश्वास टाकतें याचें मापहि सांपडतें.

ज्या ब्रिटनमध्यें कायदा इतका कडक होता, त्याच ब्रिटनवर दुसऱ्या महायुद्धांत हौशी कानांची मदत मागण्याची पाळी आली. १९३९ सालीं युद्ध सुरू होतांच हौशी लोकांचीं प्रेषक यंत्रें सरकारनें जप्त केलीं. परंतु शत्रूचे हेर देशांत राहून बिनतारी संदेश पाठवीत असावेत या शंकेनें ‘रेडिओ सिक्युरिटी सर्व्हिस’ हें गुप्त खातें उभारण्यांत आलें होतें, आणि त्यास अनुभवी श्रोते हवे होते. मग त्याच हौशी लोकांच्या दारीं गुपचूप निरोप गेले. सुमारे दीड हजार स्वयंसेवकांनीं हें काम पत्करलें. दिवसा नोकरी किंवा दुकान सांभाळावें आणि रात्रीं माळ्यावरील खोलींत किंवा परसांतील झोंपडींत बसून क्षीण, अनोळखी मोर्स संकेत कागदावर उतरावे, असा त्यांचा क्रम असे. ते कागद एका पोस्टपेटीच्या क्रमांकावर पाठवावयाचे. पुढें त्यांचें काय होतें हें विचारावयाचें नाहीं, आणि घरच्या माणसांनाहि सांगावयाचें नाहीं.

ब्रिटनच्या भूमीवरून बोलणारे हेर त्यांना जवळजवळ सांपडलेच नाहींत. सांपडलें तें याहून मोलाचें होतें. युरोप खंडांतील जर्मन हेरखात्याच्या ठाण्यांचें आपसांतील बोलणें त्या टिपणांत उतरलें होतें. १९४० च्या आरंभीं ह्यू ट्रेव्हर-रोपर आणि ई. डब्ल्यू. बी. गिल या दोघांनीं त्यांतील एक सांकेतिक लिपि फोडली. पुढें ब्लेचले पार्क येथील तज्ज्ञांनीं तें काम फार मोठ्या प्रमाणावर चालविलें. शत्रूचा हेरप्रमुख आपल्या हेरांविषयीं काय समजतो, हें ब्रिटिशांस घरबसल्या कळूं लागलें. जर्मनीचे हेर पकडून त्यांच्याकरवीं जर्मनीसच खोट्या बातम्या पुरविण्याचा जो डाव १९४४ च्या नॉर्मंडी स्वारीपर्यंत यशस्वी झाला, त्याच्या पायाचे कित्येक दगड या अनाम श्रोत्यांनीं वाहून आणले होते. युद्ध संपलें; यंत्रें परत मिळालीं; पण तोंड मिटलेलेंच राहिलें. सुमारे तीन तपें या गोष्टीची जाहीर वाच्यता झाली नाहीं. कित्येकांच्या बायकामुलांना, आपल्या घरांतील माणूस रात्रीं जागून काय करीत होता, हें त्याच्या हयातींत कळलेंच नाहीं.

त्याच युद्धांत अटलांटिकच्या पलीकडे दुसऱ्या प्रकारचे श्रोते होते. बर्लिन आणि टोकियो येथील केंद्रें आपल्या प्रचाराच्या भाषणांत मधून मधून युद्धकैद्यांचीं नांवें आणि घरचे पत्ते वाचून दाखवीत. हेतु हा कीं, त्या आशेनें तरी अमेरिकन माणसांनीं प्रचार ऐकावा. लघुलहरींचे हौशी श्रोते तीं नांवें लिहून घेत आणि अनोळखी मातापित्यांना कार्डें टाकीत: तुमचा मुलगा जिवंत आहे, त्याचें नांव आज रात्रीं ऐकलें. एकेका घरीं निरनिराळ्या गांवांहून अशीं कित्येक पत्रें येत. शत्रूच्या बोलण्यावर विश्वास ठेवूं नये, असा इशारा सरकार देई, आणि तो रास्तहि होता. तरी ज्या घरीं मुलगा बेपत्ता झाल्याची तार येऊन पडली होती, त्या घरीं तें कार्ड काय मोलाचें वाटलें असेल, हें सांगावयास नको.

युद्धानंतर ऐकण्याचें क्षेत्र पृथ्वीवरून आकाशांत गेलें. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं रशियानें पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि त्याचा टिवटिवाट जगभरच्या हौशी लोकांनीं ऐकला. इंग्लंडमधील केटरिंग गांवच्या शाळेंत जेफ्री पेरी हे पदार्थविज्ञानाचे शिक्षक होते. रसायनशास्त्राचे शिक्षक डेरेक स्लेटर आणि शाळेंतील मुलें यांना हाताशीं धरून त्यांनीं रशियन उपग्रहांचे संकेत टिपण्याचा परिपाठ ठेविला. उपग्रह क्षितिजावर केव्हां उगवतो, केव्हां मावळतो, जवळ येतांना व दूर जातांना त्याच्या स्वराची पट्टी कशी बदलते, एवढ्या नोंदींवरून त्याची कक्षा काढतां येते. १७ मार्च १९६६ रोजीं सोडलेल्या कॉसमॉस ११२ या उपग्रहाची कक्षा नेहमींच्या उपग्रहांशीं जुळेना. त्याच वर्षीं कॉसमॉस १२९ सुटला, तेव्हां पेरींनीं दोघांचे मार्ग नकाशावर मागें ओढून पाहिले. ते ज्या जागीं एकमेकांस छेदीत, ती जागा रशियाच्या उत्तरेस, अर्खांगेल्स्कच्या दक्षिणेकडे, प्लेसेत्स्क गांवाजवळ होती. तेथें एक अप्रसिद्ध प्रक्षेपण-तळ असला पाहिजे, असें त्यांनीं नोव्हेंबर १९६६ मध्यें जाहीर केलें. अमेरिकेच्या हेरखात्यास तो तळ ठाऊक होता. जगास मात्र तो एका शाळामास्तरानें दाखविला. सोव्हिएट सरकारनें त्याचें अस्तित्व मान्य केलें तें १९८३ सालीं.

आतांपर्यंतचा हौशी श्रोता हातानें तबकडी फिरवून लहरी शोधीत असे. पोलिस, अग्निशामक दल, विमानें आणि जहाजें जसजशीं अति-आंखूड लहरींकडे वळलीं, तसतशी ही रीत अपुरी पडूं लागली. कारण या लहरींवरील बोलणें चार-दोन क्षणांचें असतें आणि बाकीचा वेळ शांतता असते. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस या अडचणीवर स्कॅनर हें यंत्र निघालें. तें ठरवून दिलेल्या लहरी एकामागून एक क्षणार्धांत चाचपून पाहतें. जेथें शांतता असेल तेथून पुढें सरकतें; जेथें कोणी बोलत असेल तेथें थांबतें; बोलणें संपतांच पुन्हां फेरी सुरू करतें. रात्रींचा रामोशी दार दार ठोठावीत आळींतून फिरतो, तशीच ही गस्त होय. आरंभीं प्रत्येक लहरीसाठीं निराळा स्फटिक यंत्रांत बसवावा लागे. १९७० नंतरच्या दशकांत आंकडे दाबून हवी ती लहर निवडतां येऊं लागली.

या यंत्रावर माणसें काय ऐकतात? कोणी ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांत विमानांचे निरोप ऐकतो, आणि वर दिसणाऱ्या ठिपक्याला नांव, उंची आणि दिशा प्राप्त होते. कोणी किनाऱ्यावर राहून १५६.८ मेगाहर्ट्‌झ या जहाजांच्या संकटकालीन वाटेवर कान ठेवतो. कोणाला आगगाड्यांचा नाद असतो. वणव्यांच्या मुलुखांत राहणारा मनुष्य अग्निशामक दलाचें बोलणें ऐकून वारा कोणीकडे वळला हें समजून घेतो. कांहीं जण लघुलहरींवरील त्या गूढ केंद्रांच्या मागें असतात, जेथें एखादा निर्विकार आवाज नुसते आंकडे वाचीत राहतो. हे हेरांना दिलेले निरोप असावेत असें हौशी श्रोते अनेक वर्षें म्हणत होते आणि सरकारें मूग गिळून बसलीं होतीं. १९९८ सालीं फ्लॉरिडांत पकडलेल्या क्यूबाच्या हेरांचा खटला पुढें मायामी येथें चालला, तेव्हां त्यांना लघुलहरींवरून आंकड्यांतच हुकूम येत, हें न्यायालयांत उघड झालें.

या साऱ्यांच्या मुळाशीं एकच ओढ दिसते. बातमी, अहवाल आणि इतिहास हीं जगाचीं शिजविलेलीं अन्नें होत. वैमानिकाचा धीमा स्वर, वादळांत सांपडलेल्या नावाड्याची घाई, बंबवाल्याचा धांपा टाकणारा श्वास, हीं जगाचीं कच्चीं, न निवडलेलीं धान्यें होत. आपल्या झोंपेच्या वेळीं कोणी तरी जागा आहे, कामावर आहे, आणि जग चालवीत आहे, याचा साक्षात्कार या ऐकण्यांत होतो. शिवाय रोज ऐकणाऱ्यास नेहमींचें काय हें पाठ झालेलें असतें. म्हणूनच वेगळें कांहीं घडतांच तो दचकतो. पेरींना कॉसमॉस ११२ सांपडला तो याच वाटेनें.

परंतु या नाण्याची दुसरी बाजू झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. मोटारींतील आणि खिशांतील टेलिफोन आले, तेव्हां त्यांचें बोलणेंहि आरंभीं उघड्या लहरींवरूनच जाई, आणि स्कॅनरवर तें सहज ऐकूं येई. हें बोलणें जहाजाच्या हांकेसारखें नव्हतें. तें पतिपत्नींचें, रोग्याचें आणि वैद्याचें, मित्रामित्रांचें होतें. अमेरिकेनें १९८६ सालीं तें ऐकण्यास बंदी केली, आणि १९९२ च्या कायद्यान्वयें त्या लहरी पकडणारे नवे स्कॅनर बाजारांत आणण्याचेंहि बंद केलें. तरी डिसेंबर १९९६ मध्यें फ्लॉरिडांतील एका दांपत्यानें तेथील प्रतिनिधिगृहाचे सभापति न्यूट गिंग्रिच यांचें सहकाऱ्यांशीं चाललेलें खासगी बोलणें स्कॅनरवर ऐकून ध्वनिमुद्रित केलें. तें विरोधी पक्षाच्या पुढाऱ्यांच्या हातीं आणि तेथून वृत्तपत्रांत गेलें. त्या दोघांना प्रत्येकीं ५०० डॉलर दंड झाला.

याहून दारुण प्रकार १५ एप्रिल २०१३ च्या बोस्टन येथील बॉंबस्फोटांनंतर घडला. संशयितांच्या पाठलागाच्या रात्रीं हजारों माणसें पोलिसांचें बोलणें ऐकत होतीं आणि ऐकलेलें क्षणाक्षणाला जगभर पसरवीत होतीं. शिपाई कोठें दबा धरून आहेत हें प्रसृत करूं नका, अशी विनवणी पोलिसांना करावी लागली. त्या गोंधळांत एका बेपत्ता विद्यार्थ्याचें नांव ‘पोलिसांच्या लहरीवर ऐकलें’ म्हणून गुन्हेगार म्हणून पसरविण्यांत आलें. तो सर्वस्वी निरपराध होता. पुढें त्याचा मृतदेहच हातीं आला. मागाहून त्या रात्रींचें ध्वनिमुद्रण तपासलें गेलें, तेव्हां त्यांत तें नांव आढळलें नाहीं. मुलाच्या काळजीनें आधींच व्याकुळ झालेल्या एका कुटुंबावर, कोणीं न उच्चारलेल्या शब्दानें, हा घाला घातला होता.

मूर आणि श्मिट यांनींहि ऐकलेलें सांगितलेंच. मग फरक कोठें पडला? मूरनें जें ऐकलें तें, ज्यांना तें सांगणें योग्य होतें त्यांना सांगितलें. श्मिटनें तुटक अक्षरें लिहून घेतलीं आणि ज्यांना कांहीं करतां येईल त्यांच्याकडे पाठविलीं. युद्धांतील स्वयंसेवकांनीं एक कागद सोडून कोणापाशीं अवाक्षर काढलें नाहीं. पेरींनीं महिनोन्‌महिने पडताळा पाहिला आणि मग तोंड उघडलें. बोस्टनच्या रात्रीं ऐकणें आणि बोलणें यांच्यामध्यें श्वास घेण्याइतकाहि अवकाश उरला नव्हता. या छंदाचा धर्म ऐकण्यांत संपत नाहीं. ऐकलेलें नीट ऐकलें काय, तें कोणास सांगावें, आणि केव्हां गिळून टाकावें, या विवेकांत तो आहे.

अलीकडे या छंदाला एकाच वेळीं भरती आणि ओहोटी आली आहे. २०१२ सालापासून असें दिसून आलें कीं, दूरदर्शनचे कार्यक्रम संगणकावर पाहण्यासाठीं विकली जाणारी बोटभर लांबीची स्वस्त कांडी थोड्या खटपटीनें उत्तम स्कॅनर होऊं शकते. जें पूर्वीं महागड्या यंत्रांनाच साधे तें विद्यार्थ्याच्या खिशाला परवडूं लागलें. आकाशाकडे कान लावणारांचें भाग्यहि आटलेलें नाहीं. अमेरिकेच्या नासा या संस्थेचा ‘इमेज’ नांवाचा उपग्रह डिसेंबर २००५ मध्यें मुका झाला होता आणि संस्थेनें त्याची आशा सोडली होती. २० जानेवारी २०१८ रोजीं कॅनडांतील स्कॉट टिली हा हौशी श्रोता दुसराच एक गुप्त उपग्रह शोधीत असतांना त्याला एक अनोळखी संकेत सांपडला. तो ‘इमेज’चा होता, बारा वर्षांनीं तो पुन्हां बोलूं लागला होता, आणि धन्यास त्याचा पत्ता नव्हता. नव्वद वर्षांपूर्वीं श्मिटला जें यश आलें तें याच रीतीनें आलें होतें.

ओहोटी ती दुसरीकडे. पोलिस आणि इतर खातीं आपलें बोलणें आतां गूढ संकेतांत गुंफून पाठवूं लागलीं आहेत. अमेरिकेंतील डेन्व्हर शहरानें २०१९ सालीं हें केलें आणि २०२३ सालीं न्यूयॉर्कच्या पोलिसांनींहि तो मार्ग धरला. गुन्हेगारांना सुगावा लागूं नये, शिपायांच्या जिवास धोका पोंचूं नये, आणि संकटांत सांपडलेल्या माणसाचें नांव-गांव चव्हाट्यावर येऊं नये, हीं कारणें खोटीं नाहींत. परंतु ज्या शहरांत रात्रीं काय चाललें आहे हें नागरिकास आणि बातमीदारास स्वतःच्या कानांनीं ऐकतां येत होतें, तेथें आतां पोलिस जें सांगतील तेवढेंच कळेल, हेंहि तितकेंच खरें आहे. गुप्ततेला जेथें जागा आहे तेथें ती असावी. पण साऱ्याच दारांना कुलुपें लागलीं, तर दाराआड कोणी हांक मारीत आहे कीं काय हें कळण्याची वाटहि बंद होते.

भिंतीला कान असतात या म्हणींतला कान दुष्ट आहे, कारण तो आपल्या शेजाऱ्याच्या उणिवा शोधतो. गेलिग्रोसच्या गिरणींतला, वोख्माच्या खेड्यांतला आणि केटरिंगच्या शाळेंतला कान निराळा होता. तो कोणाच्या घरांत डोकावला नाहीं. आकाशांतून जाणाऱ्या अगणित हांकांपैकीं एखादी कोणीच ऐकली नाहीं असें होऊं नये, म्हणून तो जागा राहिला. पुढल्या पिढीच्या हातीं कितीहि बारीक यंत्र आलें, तरी या दोन कानांपैकीं कोणता त्याला लावावयाचा, हें यंत्र सांगणार नाहीं. तें ज्याचें त्यालाच ठरवावें लागेल.